ग्रास कटरमध्ये कोणतं टू-टी ऑइल टाकायचं? बाटलीचा रंग सोडा, लेबलवरची दोन अक्षरं वाचा

पावसाने जरा उघडीप दिली की कोकणातल्या कुठल्याही वाडीत सकाळपासून एकच आवाज सुरू होतो, ग्रास कटरचा. आंबा-काजूच्या बागांमधली बेणणी, घराभोवतीचं रान, रस्त्याकडेचं गवत. कोयता घेऊन चार-पाच माणसं जे काम करायची, ते आता एक जण यंत्र खांद्याला अडकवून करतो. घाटावर अशीच इंजिनं पाठीवरच्या पॉवर स्प्रेअरला असतात आणि शहरात झाडांच्या फांद्या छाटणाऱ्यांच्या चेन सॉला.

याच दिवसांत दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार ठरलेली असते: 'मशीन पकडलं.' म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला. सिलिंडर उघडला की पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे दिसतात. मालक कंपनीला दोष देतो, मेकॅनिक पेट्रोलला. पण बऱ्याच वेळा कारण असतं ऑइलच्या बाटलीत, आणि त्याहून जास्त वेळा ते ऑइल कशाने मोजलं यात.

दुकानात गेल्यावर मात्र चर्चा होते ती निळं घ्यायचं की लाल, याची. रंगाचा आणि दर्जाचा काहीही संबंध नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं आहे की नाही हे डोळ्यांना कळावं, एवढ्यासाठी तो रंग घातलेला असतो. दर्जा कळतो तो लेबलवर बारीक अक्षरात छापलेल्या मानकावरून, आणि तिकडे क्वचितच कुणी बघतं.

हे ऑइल जळण्यासाठीच असतं

मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात खाली ऑइलची टाकी असते. तेच ऑइल फिरत राहतं आणि ठरावीक किलोमीटरनंतर बदललं जातं. टू-स्ट्रोक इंजिनात अशी टाकी नसते. पेट्रोल आणि ऑइल यांचं मिश्रण कार्ब्युरेटरमधून आधी क्रँककेसमध्ये येतं. तिथे क्रँकच्या बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला, पिस्टनला आणि सिलिंडरच्या भिंतीला ऑइलचा पातळ थर मिळतो. मग ते मिश्रण वर जातं, जळतं आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतं. दर फेरीला नवं ऑइल येतं आणि जळून जातं.

त्यामुळे या ऑइलकडून दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात. धातूवर धातू घासू नये म्हणून त्याने टिकून राहायचं, आणि जळताना मागे राख, काजळी, चिकटा न ठेवता नाहीसंही व्हायचं. ग्रास कटरच्या इंजिनात हे आणखी अवघड होतं. हे इंजिन पाण्याने थंड होत नाही, फ्लायव्हीलच्या पंख्याचा वारा सिलिंडरच्या पात्यांवरून जातो तेवढंच. त्यात पात्यांमध्ये ओल्या गवताचा चुरा अडकला की तो वाराही कमी होतो. फेरेही भरपूर: पूर्ण थ्रॉटलला ही इंजिनं मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फिरतात, चेन सॉ त्याच्याही वर. जुन्या स्कूटरचं इंजिन यापेक्षा बरंच कमी फिरे, आणि चढण संपली की त्याला विश्रांती मिळे. बागेत यंत्र घेऊन उतरलेला माणूस थ्रॉटल सोडतो तो थेट चहाला.

म्हणून 'आमच्या चेतकला तीस वर्षं हेच ऑइल घातलं, काही झालं नाही' हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

एफबी, एफसी, एफडी: फरक नेमका कशात?

टू-स्ट्रोक ऑइलसाठी आज सगळ्यात उपयोगी मानक जपानचं आहे, 'जासो'. त्यात एफए, एफबी, एफसी आणि एफडी अशा पायऱ्या आहेत. पुढचं अक्षर येईल तसं ऑइल चांगलं. एफए आता जवळजवळ इतिहासजमा झालं आहे. बाटलीवर जासोऐवजी आंतरराष्ट्रीय आयएसओ मानक असेल तर तिथे ईजीबी, ईजीसी, ईजीडी असं लिहिलेलं असतं. शेवटचं अक्षर जासोशी जुळवून घ्यायचं: ईजीडी म्हणजे ढोबळमानाने एफडी. 'एपीआय टीसी' हा शिक्काही बहुतेक बाटल्यांवर असतो, पण ते जुनं मानक आहे. तेवढ्यावर भागवू नये.

आता खरी गंमत. जासोच्या चाचण्यांत एका ठरावीक संदर्भ ऑइलला 100 गुण धरतात आणि बाकीच्यांना त्याच्याशी ताडून पाहतात. वंगणाच्या चाचणीत एफबीला किमान 95 गुण लागतात. एफसीला? 95. एफडीलाही 95. म्हणजे घर्षणापासून वाचवण्याच्या किमान अटीत तिघांत फरकच नाही.

फरक आहे स्वच्छतेत. पिस्टन आणि रिंग स्वच्छ ठेवण्याच्या चाचणीत एफबीला 85 गुण पुरतात, एफसीला 95 लागतात, एफडीला 125. धुराच्या चाचणीत एफबीला 45, तर एफसी आणि एफडीला 85. सायलेन्सर चोक होण्याच्या चाचणीत एफबीला 45 आणि इतर दोघांना 90. या सगळ्यांत गुण जास्त म्हणजे कामगिरी चांगली, धुराच्या चाचणीतही.

याचा अर्थ साधा आहे. हलकं ऑइल घातल्यावर इंजिन पहिल्या दिवशी पकडत नाही, आणि म्हणूनच 'याने काय फरक पडतो' असं वाटत राहतं. फरक दोन-तीन महिन्यांनी दिसतो. एक्झॉस्ट पोर्टवर कार्बनचा थर चढतो. सायलेन्सरमधली जाळी बुजते. यंत्र सुरू होतं, पण ताकद धरत नाही. पिस्टनच्या खाचेत रिंग चिकटून बसते, कॉम्प्रेशन जातं, सिलिंडरमधली गरम हवा पिस्टनच्या बाजूने खाली उतरते आणि तिथला ऑइलचा थर जाळून टाकते. मग ओरखडे. मेकॅनिकला दिसतो तो शेवटचा टप्पा. सुरुवात कधीच झालेली असते.

दिवसाला तास-दीड तास यंत्र चालवणाऱ्या घरमालकाचं एफसीवर व्यवस्थित भागतं. पंपावर आणि किराणा-हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारी बरीच टू-टी ऑइलं याच दर्जाची असतात. पण दिवसभर भाड्याने यंत्र फिरवणाऱ्याने एफडी घ्यावं. त्यासाठी महागड्या परदेशी ब्रँडच्या मागे लागायची गरज नाही. लेबलवर 'जासो एफडी' किंवा 'आयएसओ-एल-ईजीडी' आणि सोबत 'एअर-कूल्ड' हे शब्द असले की पुरे. 'प्रीमियम', 'रेसिंग', 'फुल सिंथेटिक' हे शब्द मानक नव्हेत. सिंथेटिक ऑइल चांगलं असू शकतं, पण मानकाचा उल्लेखच नसेल तर त्या शब्दावर पैसे मोजण्यात अर्थ नाही.

बोटीचं ऑइल बागेत नको

किनारपट्टीवर एक वेगळीच चूक होते. मालवण, रत्नागिरी किंवा गोव्यात ज्यांच्याकडे होडीही आहे आणि बागही, त्यांच्या घरात आउटबोर्ड इंजिनाच्या टू-स्ट्रोक ऑइलचा डबा असतोच. त्यावर 'टीसी-डब्ल्यू3' असं लिहिलेलं असतं. ऑइल चांगल्या दर्जाचं, महागही. तेच ग्रास कटरला वापरलं तर काय बिघडलं?

बिघडतं. त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे वॉटर. आउटबोर्ड इंजिन समुद्राचं पाणी खेचून थंड राहतं, त्यामुळे त्याच्या पिस्टनचं तापमान हवेवर थंड होणाऱ्या इंजिनापेक्षा कमी असतं. अशा इंजिनाला राख अजिबात न ठेवणारं ऑइल लागतं, म्हणून त्यात धातुयुक्त रसायनं घालत नाहीत. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला मात्र तीच रसायनं हवी असतात, कारण जास्त तापमानात पिस्टन स्वच्छ ठेवण्याचं काम ती करतात. हुस्कवार्नासारख्या कंपनीच्या मार्गदर्शिकेत आउटबोर्डचं ऑइल कधीही वापरू नये, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. उलट दिशेनेही हाच नियम: बागेतलं ऑइल होडीला नको.

मोटरसायकलचं 20 डब्ल्यू 40 इंजिन ऑइल घालणारेही आहेत. त्याबद्दल फार बोलायची गरज नाही. ते जळण्यासाठी बनलेलंच नाही, पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही आणि आधी प्लग काळा करतं, मग सायलेन्सर बुजवतं. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल तर त्याहून वाईट, कारण त्यात धातूचा चुराही असतो.

50:1 म्हणजे 50 मिली नव्हे

ऑइल चांगलं घेतलं तरी मोजमापात सगळं वाया जाऊ शकतं. यंत्रावर 50:1 किंवा 25:1 असा स्टिकर असतो. तो वाचताना होणारी चूक ठरलेली आहे. 50:1 पाहून लिटरला 50 मिली ऑइल टाकायचं, 25:1 पाहून 25 मिली. दोन्ही चूक, आणि दोन्ही विरुद्ध दिशांना.

50:1 म्हणजे पेट्रोलचे पन्नास भाग आणि ऑइलचा एक. एक लिटरमध्ये 1000 मिली, भागिले 50, म्हणजे 20 मिली. 40:1 म्हणजे 25 मिली. 25:1 म्हणजे 40 मिली. त्यामुळे 50:1 च्या यंत्रात 50 मिली टाकणारा अडीचपट ऑइल जाळतो, धूर आणि कार्बन घेतो. 25:1 च्या यंत्रात 25 मिली टाकणारा मात्र लागतं त्याच्या दोन-तृतीयांशही ऑइल देत नाही. बाजारात वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त आयात यंत्रांवर नेमका 25:1 चाच स्टिकर असतो. तिथे ही चूक सगळ्यात महाग पडते.

'जरा जास्त टाकलेलं बरं' हा सल्लाही अर्धाच खरा. थोडं जास्त ऑइल कमी ऑइलपेक्षा बरं, हे मान्य. पण ऑइल वाढवलं की तेवढ्याच मापात पेट्रोल कमी जातं, आणि न जळलेलं ऑइल कार्बन होऊन बसतं. मार्गदर्शिका हरवली असेल, स्टिकर निघाला असेल, विक्रेत्याकडेही माहिती नसेल, तर एफडी ऑइल 40:1 ला, म्हणजे लिटरला 25 मिली, हा सावध मधला मार्ग. मात्र स्टिकरवर 25:1 असेल तर स्वतःच्या मनाने ऑइल कमी करू नये.

प्रमाण ऑइलवरही अवलंबून असतं, हे फार कमी विक्रेते सांगतात. स्टिल कंपनीच्या अनेक मार्गदर्शिकांत स्वतःच्या ऑइलसाठी 1:50 आणि टीसी दर्जाच्या इतर ऑइलसाठी 1:25 असं दिलेलं असतं. हुस्कवार्ना एफबी दर्जाच्या ऑइलसाठी 50:1 ऐवजी 33:1 सांगते, म्हणजे लिटरला 30 मिली. यात आपलं ऑइल खपवायचा हेतू असणारच. पण तांत्रिक मुद्दा खोटा नाही: हलकं ऑइल जास्त लागतं.

आता हिशेब करू. समजा साधं ऑइल लिटरला 300 रुपये आणि एफडी 500 रुपये. साधं 25:1 ने वापरायचं तर लिटरभर पेट्रोलमागे 40 मिली, म्हणजे 12 रुपये. एफडी 50:1 ने 20 मिली, म्हणजे 10 रुपये. ज्या यंत्राला दोन्ही प्रमाणं चालतात, तिथे स्वस्त ऑइल महाग पडतं. दोन्ही 50:1 नेच वापरली तरी फरक लिटरला 4 रुपये. महाराष्ट्रात पेट्रोलने शंभरी कधीच ओलांडली आहे. शंभराच्या पेट्रोलवर चार रुपये वाचवून बोअर-पिस्टनचा खर्च आणि ऐन हंगामातले बुडालेले दिवस ओढवून घ्यायचे, हा व्यवहार कुणाच्याच फायद्याचा नाही.

मोजायला 'एक झाकण' हे माप बंद व्हायला हवं. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं असतं. औषधाच्या दुकानात मिळणारी 20 मिलीची सिरिंज, सुईशिवाय, हे सगळ्यात स्वस्त आणि अचूक साधन आहे. मिश्रण यंत्राच्या टाकीत करू नये. वेगळ्या कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल, मग ऑइल, हलवून घ्यायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. आणि कॅनवर मार्करने 'मिक्स' लिहून ठेवायचं. साधं पेट्रोल समजून तोच कॅन कुणीतरी मोटरसायकलमध्ये ओततं, किंवा मिक्स समजून साधं पेट्रोल ग्रास कटरमध्ये जातं. दुसरी चूक इंजिनाला काही मिनिटांत संपवते.

इथेनॉलने काय बदललं?

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने 2025 मध्ये गाठल्याचं केंद्र सरकारने जाहीर केलं. चर्चा झाली ती गाड्यांच्या मायलेजची. बागेतल्या यंत्रांबद्दल फारसं कुणी बोललं नाही, आणि खरं तर त्यांच्यावर परिणाम जास्त होतो. अशा यंत्रांच्या अनेक मार्गदर्शिकांत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल, असं म्हटलेलं आहे.

इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्यात अर्धवट भरलेला, झाकण सैल असलेला कॅन आठवडेच्या आठवडे पडवीत राहिला की पाण्याचं प्रमाण वाढत जातं. ते मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर धरतात. त्या थरात ऑइल जवळजवळ नसतं. यंत्राच्या टाकीतला फिल्टर मात्र तळाशीच लोळत असतो. म्हणजे प्रमाण अचूक, ऑइल एफडी, आणि तरीही इंजिनात ऑइलविना द्रव जातोय. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ पडतं आणि इंजिन अधिक तापतं. कार्ब्युरेटरमधला रबरी पडदाही त्याने लवकर कडक होतो.

यावर महागडा उपाय काही नाही. आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच मिश्रण करायचं, कॅन भरलेला आणि झाकण घट्ट ठेवायचं, महिन्याहून जुनं मिश्रण यंत्रात घालायचं नाही. कॅनच्या तळाला वेगळा थर दिसला तर तो हलवून 'एकत्र' करण्याच्या फंदात पडू नये. ते मिश्रण वाया गेलं.

धूर कुणाच्या नाकात जातो?

इंजिन पकडलं तर नुकसान मालकाचं. पण त्याआधी महिनोन्‌महिने जो धूर निघतो, तो मालकाच्या नाकात जात नाही. यंत्र बहुधा मालकाचं किंवा ठेकेदाराचं असतं आणि चालवतो रोजंदारीवरचा माणूस. इंजिन त्याच्या पाठीला किंवा कमरेशी, सायलेन्सर हातभर अंतरावर. गच्च बागेत वारा नसतो. दिवसाचे सहा-सात तास तो जळक्या ऑइलचा धूर घेतो, आणि ऑइल कोणतं आणायचं हे मात्र त्याला कुणी विचारत नाही.

टू-स्ट्रोक स्कूटर आणि रिक्षांच्या धुरावर या देशात मोठी लढाई झाली. दिल्लीत 1998 च्या अखेरीस पंपांवरच्या सुट्या टू-टी ऑइलच्या विक्रीवर बंदी आली, त्यानंतर कमी धुराचं ऑइल सक्तीचं झालं. ती वाहनं रस्त्यावर होती, सगळ्यांना दिसत होती. बागेतला धूर कुणाला दिसत नाही. कमी धुराचं ऑइल म्हणजे चैन नाही, चालवणाऱ्यासाठी ते मास्क आणि गॉगलइतकंच गरजेचं आहे. एफसीच्या खाली काहीही भाड्याच्या यंत्रात पडता कामा नये, एवढी अट मजुराने आणि काम देणाऱ्याने, दोघांनीही धरावी.

विक्रेते आणि कृषी विभाग यांनाही यात करण्यासारखं बरंच आहे. शेतीची यंत्रं अनुदानावर मिळतात, महाडीबीटीवर अर्ज होतात, कागदपत्रं तपासली जातात. पण यंत्र घरी येताना सोबत इंग्रजी किंवा चिनी मार्गदर्शिका येते, आणि 'लिटरला किती मिली' हे मराठीत लिहिलेला एक स्टिकर येत नाही. टाकीच्या झाकणावर '1 लिटर पेट्रोल + 40 मिली ऑइल' एवढंच छापलं तर गुणोत्तराचा घोळच संपतो. छपाईचा खर्च नगण्य आहे. विकणाऱ्यावर तेवढी सक्ती करायला काय हरकत आहे?

खरेदीआधी आणि हंगाम संपल्यावर

एक गोष्ट आधी तपासून घ्या: यंत्र खरंच टू-स्ट्रोक आहे का? होंडासह काही कंपन्यांची ग्रास कटर फोर-स्ट्रोक असतात. त्यांना ऑइल भरायचं झाकण वेगळं असतं, टाकीत साधं पेट्रोल जातं आणि टू-टी ऑइलची गरजच नसते. चेन सॉला दोन टाक्या असतात. दुसरी साखळीच्या ऑइलची, तिचा या सगळ्याशी संबंध नाही.

हंगाम संपला की टाकी रिकामी करून यंत्र सुरू करावं आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण साचून राहत नाही. प्लग काढून पाहावा. विटकरी-तपकिरी असेल तर ऑइल आणि प्रमाण दोन्ही ठीक. काळा, ओला, चिकट असेल तर ऑइल जास्त किंवा हलकं, किंवा एअर फिल्टर बुजलेला. पांढरट, कोरडा असेल तर इंजिन जास्त तापतंय. अशा वेळी पुढची टाकी भरण्याआधी मेकॅनिककडे जायला हवं.